विषय: बे ब्रिजवर विली ब्राऊन यांचं नाव का?

बर्कलीकर:
मंडळी, पाहुण्यांना सॅन फ्रान्सिस्को दाखवायला नेताना ओकलंडहून तिकडे जाणाऱ्या बे ब्रिजच्या पश्चिम भागावर विली ब्राऊन यांच्या नावाची पाटी दिसली. मी म्हटलं, इथले महापौर होते. लगेच पुढचा प्रश्न: महापौराचं नाव एवढ्या मोठ्या पुलाला? काका, सांगा ना.

फ्रीमाँटकर काका:
अगं, तो ठराव २०१३ साली कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने केला, महापालिकेने नव्हे. महापौर ते ८ वर्षं होते. विधानसभेत ३० वर्षं, त्यातली जवळजवळ १५ अध्यक्ष म्हणून.

माणूस टेक्सासमधल्या मिनिओलाचा. १९५१ मध्ये मामाकडे सॅन फ्रान्सिस्कोत आला, झाडलोट करून शिकला, १९५८ ला कायद्याची पदवी घेतली. वकिली बहुतेक फौजदारी. १९६१ ला शहरातल्याच फॉरेस्ट नोल्स वस्तीत घर बघायला गेले, कृष्णवर्णीय म्हणून विक्रेते दाखवेनात, तर तिथेच ठिय्या दिला. १९६२ ला पडले, १९६४ ला आमदार. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम कॅलिफोर्नियात १९७५ ला गेलं ते यांच्याच विधेयकाने. आपल्याकडे त्यासाठी २०१८ उजाडलं.

पण खरी गंमत आकड्यांची. १९८० ला स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षात दोन गट भांडत बसले, तेव्हा यांनी २३ डेमोक्रॅट आणि २८ रिपब्लिकन गोळा करून अध्यक्षाची खुर्ची पटकावली. १९९४ ला ८० पैकी ४१ जागा रिपब्लिकनांच्या आल्या. सगळे म्हणाले, खेळ खलास. मग रिपब्लिकन आमदार पॉल हॉर्चर पक्ष सोडून यांच्या बाजूला आला: ४०-४०. आता वकिली डोकं बघ. रिपब्लिकनांचे रिचर्ड माउंटजॉय विधानसभेबरोबर सिनेटवरही (राज्याच्या वरच्या सभागृहावर) निवडून आले होते. दोन्हीकडे कसे बसणार? त्यांचं मत बाद. ४०-३९! हॉर्चरला मात्र १९९५ मध्येच मतदारांनी मुदतीआधी मतदान करून घरी पाठवलं. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायदा आहे (असून काय होतं ते बघतोच आहोत), इथे हिशेब मतदार चुकता करतात.

ओकलंडची ताई:
काका, कौतुक पुरे! हे हटेचनात म्हणून तर १९९० ला प्रपोझिशन १४० (लोकांनी थेट मतदान करून केलेला कायदा) आणून आमदारकीला ६ वर्षांची मर्यादा घातली. तिकडची वाट बंद झाली म्हणून शहर आठवलं. आणि म्हणे म्युनी, म्हणजे शहराची बस-ट्राम सेवा, १०० दिवसांत सुधारतो! १९९८ च्या ऑगस्टमध्ये गाड्यांचा जो बोजवारा उडाला तो विसरलात? शिवाय आपल्या माणसांना नोकऱ्या वाटल्याची टीका.

फ्रीमाँटकर काका:
ताई, १४० चं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझं म्हणणं एवढंच, की ते मुळात सभागृहातले गडी. इथला महापौर फिती कापणारा नसतो. आपल्याकडे आयुक्तांकडे असतात तसले बरेच अधिकार त्याच्या हातात. सभागृहात एक माणूस फोडला की काम होतं, ट्राम तशी थोडीच धावते? तरी १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झालेला सिटी हॉल दुरुस्त होऊन १९९९ ला उघडला, तो बघाच. घुमटाच्या सोन्याच्या वर्खावरून तेव्हाही बोंब झाली होती. त्याच वर्षी महापौरपदाच्या निवडणुकीत त्यांचे विरोधक टॉम अमियानो मतपत्रिकेवर नाव नसताना दुसऱ्या फेरीपर्यंत पोचले. लोक हाताने नाव लिहीत होते! ब्राऊन जिंकले, पण २००० ला प्रभागवार निवडणूक झाली आणि बोर्डावर, म्हणजे शहराच्या नगरसेवक मंडळावर, विरोधकांचं बहुमत आलं. शेवटची ३ वर्षं त्यांना ते जडच गेलं.

पाहुण्यांना सिटी हॉल आतून दाखवायचा असेल तर शनिवार-रविवार नको, बंद असतो.