अनुभव धागा : नकाशावर बोटभर, रस्त्याने दिवसभर

2016 च्या सप्टेंबरात दिल्लीहून लेहला विमानाने सव्वा तासात पोचलो. तिथून पदुमला जायला दोन दिवस लागले. पदुम म्हणजे लडाखमधल्या झंस्कर खोऱ्याचं मुख्य गाव, लेहपासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण तेव्हा गाडीरस्ता कारगिलवरून. आधी पश्चिमेला सव्वादोनशे, तिथे मुक्काम, मग पेन्झी-ला ही खिंड ओलांडून जवळपास तेवढंच पुन्हा दक्षिणेला. शेअर टॅक्सीत कुणाचा तरी अंड्यांचा ट्रे माझ्या मांडीवर आला. उतरताना पाहिलं तर चार फुटलेली. मी ओशाळलो, तर मालकीणबाई खूश : "चारच?"

हिवाळ्यात तिथली माणसं गोठलेल्या नदीवरून चालत का जायची, ते त्या टॅक्सीत कळलं. सरळ वाट तेवढीच होती. 2024 मध्ये लेहजवळचं निम्मू, पदुम आणि हिमाचलातलं दारचा हे गाव जोडणारा रस्ता जोडला गेला, आता कारगिलचा वळसा नको.

तुमच्याकडच्या अशा, नकाशावर जवळ पण रस्त्याने लांब, गावांच्या जोड्या लिहा. गूगलचे आकडे नकोत, स्वतः गेला असाल तरच.

*गुहागरहून :*
एवढ्या लांब कशाला जाताय? आमचं धोपावे आणि पलीकडचं दाभोळ. मध्ये वाशिष्ठीची खाडी, फेरीबोटीने पंधरा मिनिटं. बोट चुकली की चिपळूण, खेड, दापोली करत शंभराच्या वर. आतेबहिणीच्या हळदीला निघालो होतो. काका जेटीवर कोणाशी तरी आंब्याच्या भावावरून बोलत उभे राहिले आणि शेवटची बोट गेली. पलीकडच्या काठावरचे दिवे दिसतायत, आणि आम्ही गाडी उलटी फिरवतोय! तिकडे हळद लागली तेव्हा आम्ही खेडला चहा पीत होतो. काकांशी काकू लग्न लागेपर्यंत बोलल्या नाहीत.

*पोर्ट ब्लेअरला तीन वर्षं काढलेली :*
(आता श्रीविजयपुरम, पण तोंडात जुनंच येतं.) तिथून उत्तर अंदमानातलं दिगलीपूर हवाई अंतराने एकशेऐंशीच्या आसपास, रस्त्याने तीनशेच्या वर. खरा वेळ जातो जिरकाटांगच्या फाटकावर. पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल, म्हणून गाड्या ठरल्या वेळीच ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पहाटेच्या अंधारात रांगेत उभं राहायचं. पुढे खाडी आली की बससकट बार्जवर. पहिल्यांदा गेले तेव्हा पोरगा विचारत होता, आपण बसमध्ये आहोत की बोटीत?

*गडचिरोली, शिक्षक :*
भामरागड–सिरोंचा. दोन्ही एकाच जिल्ह्यात, सरळ रेषेत नव्वदएक किलोमीटर. रस्ता आलापल्लीवरून, म्हणजे जवळपास दुप्पट. हे झालं उन्हाळ्यातलं. 2019 च्या पावसाळ्यात भामरागडच्या तोंडाशी असलेला पर्लकोटा नदीचा पूल पुन्हा पुन्हा बुडत होता. सिरोंच्याहून शाळेवर परत निघालो आणि आलापल्लीत तीन दिवस अडकलो. तेव्हा भामरागड किती लांब होतं, ते किलोमीटरमध्ये कसं सांगू?

*गुहागरहून, पुन्हा :*
गुरुजी, तीन दिवस केलंत काय?

*गडचिरोली, शिक्षक :*
सकाळी एसटी स्टँडवर जायचं. कंडक्टर लांबूनच हात हलवायचा, पाणी अजून पुलावर. परत खोलीवर. तिसऱ्या दिवशी त्यानेच डबा आणला, दोघांनी स्टँडवर बसून खाल्ला.