नवी छोटी गाडी की वापरलेली मोठी? घरात दोन तट पडलेत

दोनमनी

नमस्कार मंडळी, गेले दोन महिने घरात हाच विषय चालू आहे, आता कोणी नुसतं "गाडी" म्हटलं तरी पोरं उठून आत जातात. आम्ही सहा जण. मी, नवरा, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा आणि सासूसासरे. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे खाली वाकून बसायच्या गाडीत त्यांना अक्षरशः ढकलावं लागतं. बजेट असं अडकलंय की त्यात एकतर नवी कोरी छोटी पाच सीटर येते नाहीतर ४-५ वर्षं वापरलेली सात सीटर. नवरा म्हणतो सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी पैसे मोजून घरी आणायची. सासरे म्हणतात नव्या गाडीचं चाक शोरूमबाहेर पडलं की किंमत पडलीच. दोघांचंही पटतं हाच प्रॉब्लेम आहे. रोजचं रनिंग फार नाही, १०-१२ किलोमीटर, दीड-दोन महिन्यांतून एकदा सगळे मिळून लांब जातो. सध्या एक डिझेल सात सीटर डोळ्यात भरलीय. काय करू?

हिशेबी_माणूस

आधी हे सांगा की गाडी किती वर्षं ठेवणार, त्यावर सगळं आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षात साधारण १५ ते २० टक्के उतरते, ४-५ वर्षांत जवळजवळ निम्मी होते, मॉडेलप्रमाणे मागेपुढे. म्हणजे चार वर्षांनी विकायची असेल तर तुम्ही घसरणीचा सगळ्यात उभा भाग स्वतःच्या खिशातून भरताय. पण दहा-बारा वर्षं मोडेपर्यंत वापरणार असाल तर नवी तितकी महाग पडत नाही कारण ती घसरण तितक्या वर्षांत वाटली जाते आणि मधली बिनखर्चाची वर्षं तुमच्याच वाट्याला येतात. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचं व्याज बहुतेक वेळा जास्त असतं आणि मुदत कमी, त्यामुळे "किंमत कमी" म्हणून गेलात तरी हप्ता बघून तोंडात मारल्यासारखं होतं. आणि जुनी घेतलीत तर सगळं बजेट गाडीत घालू नका. किमतीच्या दहा टक्के तरी बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि इंजिनात टायमिंग बेल्ट असणारी गाडी असेल तर तो बेल्ट, ही सगळी मंडळी चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास एकदमच दारात येऊन उभी राहतात.

पोळलेला

मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. तीन वर्षांची गाडी घेतली होती एका डीलरकडून, आतून अशी चकचकीत की बायको म्हणाली नवीच आहे की. तिसऱ्या महिन्यात मागची काच आपोआप खाली यायला लागली, मग एअरबॅगचा दिवा, मग एक दिवस चालू गाडीत सगळा डॅशबोर्ड काळा. इलेक्ट्रिशियनने काही उघडलं नाही, फक्त ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची सरळ रेघ होती. पुरात बुडालेली गाडी! सीट, कार्पेट, रंग सगळं बदलता येतं पण पट्टा शेवटपर्यंत ओढून कोण धुतं. वायरिंगच्या जोडांना आतून हिरवा गंज चढलेला. त्या दिवसापासून कानाला खडा. नवी घ्या, छोटी घ्या, रात्री झोप लागते.

काळे_हात

वीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपतोय म्हणून दोन शब्द. वरच्या दादांचं दुःख खरं आहे पण तो बेल्ट घ्यायच्या आधी ओढला असता तर पाच सेकंदांचं काम होतं.

ताई पहिली गोष्ट, ती डिझेल विसरा. तुमचं रनिंग १०-१२ किलोमीटर म्हणताय, आजकालच्या डिझेल गाड्यांना धूर गाळायला डीपीएफ फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी सलग वेगात थोडं लांब पळवावं लागतं. रोज एवढंच घर ते शाळा केलंत तर फिल्टर चोंदणार. तो बदलायचा खर्च ऐकलात तर त्याच सीटवर बसून रडाल. तुम्हाला पेट्रोलच बरी.

आता बघायची कशी. इंजिन थंड असताना बघायची, हे मी ओरडून सांगतो. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी जा आणि बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने सकाळी स्टार्टिंगचा काही आजार लपवलाय का अशी शंका घ्या. स्टार्ट करताना एकाला मागे उभं करा: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर लगेच पळू नका, छोट्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत वाफेनेही येते, पण कूलंटची लेव्हल पण कमी असेल तर मात्र नमस्कार करून घरी या.

मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपवर होतं, त्यामुळे आकड्याला भुलू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा. तीस हजार किलोमीटरची गाडी आणि पेडल गुळगुळीत? तसं होत नसतं. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. काचांवरही वर्षाची खूण असते, सगळ्या काचा एका वयाच्या हव्यात. एकच वेगळी असेल तर विचारा का.

आणि एक, जी कोणी सांगत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला बिघाड वाचणारा स्कॅनर लावल्यावर "एकही फॉल्ट नाही" दिसलं की लोक खूश होतात, पण फॉल्ट कोड पुसूनही तसंच दिसतं. स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर म्हणून भाग असतो, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते तिथे दिसतं, त्यात बरेचसे "अपूर्ण" दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढलीय. बॅटरी नवी असेल तर ठीक, नसेल तर काहीतरी झाकलंय.

लेकुरवाळी

इंजिनाचं झालं, बसायचं कोण बघणार? चाइल्ड सीट घरून घेऊन जा, लाज वाटू देऊ नका. छोट्या गाडीत मागे एक चाइल्ड सीट, एक बूस्टर (मोठ्या मुलाला उंच बसवायची सीट) आणि मध्ये सासूबाई हे फक्त कागदावर मावतं. आणि सात सीटरमध्येही गंमत आहे, मधल्या रांगेत चाइल्ड सीट बांधली की ती सीट बऱ्याच गाड्यांत पुढे दुमडता येत नाही, मग तिसऱ्या रांगेत जाणार कुठून? शिवाय पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का ते विचारा, सगळ्या गाड्यांत पोचत नाहीत. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आणि आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे पक्के हुक) नसेल तर मी फुकट पण घेणार नाही.

दोनमनी

सगळ्यांचे आभार. डिझेलवर फुली मारली, सासऱ्यांचा चेहरा पडला पण पटलं त्यांना. नवी छोटी परत बघून आलो, सासरे बसले नाहीत, पडले सीटवर, आणि उतरताना दार धरून दोन मिनिटं नुसते उभे. काल एक पेट्रोल सात सीटर बघितली, तीन वर्षांची, एकाच मालकाची, सर्व्हिसचे सगळे कागद आहेत. बोनेट गार होतं (मी खरंच अर्धा तास आधी गेले, मालकीणबाई अंगणात झाडत होत्या, दोघीही ओशाळलो). बेल्ट पाचही ओढले, तिसऱ्या रांगेतले राहिले. फक्त डाव्या मागच्या दाराची काच एक वर्ष पुढची आहे. त्या म्हणाल्या दगड लागला होता, इन्शुरन्सचा कागद पण दाखवला.

काळे_हात

एकटी काच असेल तर दगड शक्य आहे. त्या दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघा, पाना लागून रंग उडालाय का. उडाला असेल तर दार उतरवलंय. आणि राहिलेले दोन बेल्ट ओढा, तिथेच कोणी बघत नाही!

दोनमनी

आज परत जाऊन आलो. बोल्टवरचा रंग शाबूत, बेल्ट सातही स्वच्छ. मेकॅनिकला शनिवारी नेतोय, त्याने हो म्हटलं तर टोकन. नवरा अजून "बघा बाबा तुमचं तुम्ही" म्हणतोय, पण चाइल्ड सीट त्यानेच उजव्या बाजूला बांधून डावी सीट दुमडून दाखवली, आणि मुलगी मागे जाऊन बसली ती उतरायला तयार नव्हती.