बारावी सायन्सनंतर म्यूझियमची लाइन: वेडेपणा आहे का?

दांडियाबाजारचा: मी बारावी सायन्स, ए ग्रुप (म्हणजे गणितवाला), गुजरात बोर्ड. बाबा आणि आजोबा दोघंही कलाभवनातून, म्हणजे इथल्या बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, इंजिनिअर झाले, त्यामुळे घरात दुसरा पर्यायच नाही. मला मात्र कमाटी बागेतल्या म्यूझियममध्ये ममीपुढून हलावंसं वाटत नाही. जुन्या वस्तू जपायचं काम करायचंय. इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला म्यूझिऑलॉजी, म्हणजे म्यूझियमच्या कामाचं शिक्षण, आहे म्हणे. बारावीनंतर लगेच मिळेल? आणि पोट भरेल?

काकू_बडोदेकर: लगेच नाही रे, मास्टर्सला आहे. आधी पदवी. मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून गेले होते, त्याचा फार उपयोग झाला. कागद पिवळा का पडतो, ब्राँझवर हिरवे डाग का येतात, सगळं शेवटी रसायनशास्त्रच. तेव्हा प्रॅक्टिकलला दांड्या मारू नकोस. पैशांचं खरं सांगते: पहिली दोन वर्षं आईच्याच हातचं जेवले. कंत्राटी काम, मुदत संपली की पुन्हा अर्ज. लखनौला केंद्र सरकारची संवर्धनाची प्रयोगशाळा आहे, 1976 पासूनची. तिथल्या ट्रेनिंगवर नजर ठेव.

शेवउसळ_जास्त_तिखट: बाबांना आठवण करून दे, सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या कलाभवनात चित्रकला आणि सुतारकामही शिकवायचे. दादासाहेब फाळके तिथलेच!

दांडियाबाजारचा: सांगितलं. बाबा म्हणाले, फाळके राहू देत, आधी केमिस्ट्रीचे मार्क दाखव.