एर्तेची काळी बाई आणि तिचं शिवणकाम

काजळरेघ (धागाकर्ती): 'आर्ट डेको (१९२०-३०च्या दशकांतली सजावटीची शैली) चित्रं ओळखा' या धाग्यावर काल एकाने एर्ते या चित्रकाराची 'सिम्फनी इन ब्लॅक' टाकली आणि खाली लिहिलं, "१९२०च्या पॅरिसमधली शुद्ध कला, फॅशनबिशनशी संबंध नाही." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

उंच सडपातळ बाई, काळं वस्त्र, पट्ट्याला बांधलेला काळा हडकुळा कुत्रा. भिंतींवर जे दिसतं ते १९८३चं सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून रंग दाबून केलेला छाप. एर्तेने तेव्हा नव्वदी गाठली होती. आणि शिवणकाम वजा केलं तर उरतं काय? रोमाँ द तिर्तोफ, म्हणजेच एर्ते, सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला आला, १९१३त फॅशन डिझायनर पॉल प्वारेकडे डिझाइनं काढायला लागला. युद्धामुळे प्वारेने दुकान मिटल्यावर १९१५पासून 'हार्पर्स बझार' हे अमेरिकन फॅशन मासिक. तिथे दोनशेहून जास्त मुखपृष्ठं, आणि आतल्या पानांवर कपड्यांची रेखाटनं.

या बाईची ठेवण तिथलीच आहे. सात-साडेसात डोक्यांऐवजी नऊ-दहा डोक्यांची उंची. चेहरा जवळजवळ कोरा, म्हणजे नजर कापडावर राहते. भार एका पायावर, म्हणजे घेर एका बाजूला पडून कट दिसतो.

रंगारीबुवा: असहमत. १९८३चं म्हणजे दुय्यम, असा सूर लागतोय. सेरिग्राफमध्ये दर रंगाला वेगळी जाळी लागते. एक जाळी केसभर सरकली की कडेला पांढरी चीर दिसते, म्हणून फिका रंग गडद रंगाखाली किंचित आत सरकवून घेतात. काळ्यावर काळं तर सगळ्यात अवघड. दोन्ही काळे सारखेच मॅट असले तर चुणी गडप. हे कारागिरांचं काम आहे, पोस्टर नव्हे.

काजळरेघ: दुय्यम कुठे म्हटलं? उलट तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. 'गॅझेट द्यु बाँ ताँ' या पॅरिसच्या फॅशन मासिकातल्या फॅशन प्लेट्स पोश्वार पद्धतीच्या होत्या. दर रंगाला धातूच्या पत्र्याचा वेगळा साचा, वर हाताने ब्रश. सपाट रंग, धारदार कड. रंगागणिक वेगळा साचा ही सवय तिथेही होतीच.

चर्नीरोडकर: आर्ट डेको म्हटलं की पॅरिसच का? मरीन ड्राइव्हच्या इमारती २०१८पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, रीगल थिएटर १९३३चं. त्यावर धागा काढला की तीन प्रतिसाद. इथे एका कुत्र्यावर गर्दी!

रंगारीबुवा: अवांतर. रीगलला काळा गाऊन चढवा, मग बोलू.

उरेबपट्टी: प्वारे प्वारे काय लावलंय? प्वारेचा झगा खांद्यावरून सरळ लोंबतो, विणीच्या उभ्या धाग्याच्या दिशेने कापलेला, कमरेला धरत नाही. चित्रातलं कापड अंगाला लपेटलंय. ते पॅरिसच्या ड्रेसमेकर माद्लेन व्हियोनेचं काम, उरेब कट, म्हणजे कापड तिरकं कापणं. कॉर्सेट काढल्याचं श्रेय प्वारेला, हालचालीचं श्रेय कुणालाच नाही, हे नेहमीचंच.

काजळरेघ: चित्रात उभा धागा कुठे दिसला तुम्हाला? छापाचा काळा रंग आहे, क्रेप नाही.

उरेबपट्टी: चुणी बघा. उभ्या धाग्यातलं कापड नळ्यांसारख्या समांतर घड्यांनी पडतं. ४५ अंशांत कापलेलं अंगाभोवती वळतं, नितंबांवर ताणतं आणि खाली मोकळं होतं. व्हियोने आधी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड सोडून बघायची, मग मोठं करायची. कागदावर मापं टाकून हे जमत नाही.

सुईदोरा: मुख्य विषय जाऊ दे, हे सांगा. उरेब गाऊनचा घेर खाली वाकडा का होतो?

उरेबपट्टी: दुमड लगेच घातली म्हणून. शिवून झाल्यावर किमान २४ तास, जड साटीन असेल तर ४८ तास हँगरवर लोंबू द्या. उरेब भाग ताणला जातो, सरळ भाग तिथेच राहतो. मग जमिनीपासून माप घेऊन कडा छाटा, त्यानंतरच अरुंद दुमड. कापताना कापड दुहेरी ठेवू नका, एकेरी पसरा, नाहीतर खालचा पदर सरकतो. शिवणीला नेहमीपेक्षा जास्त, अडीच सेंटिमीटर माया ठेवा. बारीक झिगझॅग टीप घाला. सरळ घट्ट टीप कापड ताणलं की तुटते. उरेब पॅनेलला झिप लावायचीच तर आत सरळ धाग्याची पट्टी द्या, नाहीतर पाठीवर लाट येते.

सुईदोरा: आणि कापड?

उरेबपट्टी: क्रेप. पातळ जॉर्जेट घसरतं. तिरकं मांडल्यावर पन्हा पुरत नाही, त्यामुळे कापड जास्त लागतं. व्हियोनेने त्यासाठी मुद्दाम रुंद पन्ह्याचं कापड विणून घेतलं होतं.

काजळरेघ: बरं, शिवणक्लास झाला असेल तर… काळ्या गाऊनमध्ये व्हियोने आहे, मान्य. पण मग धाग्याचा दावा आणखीच पक्का झाला ना? संबंध शिवणकामाशीच.

उरेबपट्टी: मान्य करायला एवढे प्रतिसाद लागले, अभिनंदन. शीर्षकात प्वारेचं नाव नाही, तेवढं बरं केलंत.

रंगारीबुवा: आणि कुत्र्याचा पट्टा? त्याला उभा धागा की उरेब?

चर्नीरोडकर: तो तरी मुंबईचा असू द्या.