पत्र्याच्या छपराच्या कोपऱ्यात त्रिकोणी भोक राहतंय, कसं बंद करू?

खाडीवारा:
नमस्कार मंडळी, ऐरोलीत रो हाऊस आहे, गच्चीवर दोन्हीकडे उतार असलेलं छप्पर करून घेतोय, एमएस (लोखंडी) ट्यूबचा सांगाडा आणि वर कलर कोटेड पत्रा. भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी पत्रा दोन फूट काढलाय. खालून सांगाडा दिसू नये म्हणून फॅब्रिकेटर पांढरं पीव्हीसी पॅनल मारतोय. लांब बाजूंना, म्हणजे जिथून पागोळ्या पडतात तिथे, पॅनल आडवं लेव्हलमध्ये घेतलंय आणि त्रिकोणी भिंतीच्या बाजूला पत्र्याच्या उताराबरोबर तिरकं चढवलंय. दोन्ही आपापल्या जागी मस्त दिसतात पण कोपऱ्यात एकमेकांना भेटतच नाहीत, मधे उभा त्रिकोण उघडा, भिंतीकडे अख्खा हात आत जातो आणि बाहेरच्या फेशिया पट्टीकडे (छपराच्या कडेला उभी मारतात ती) शून्य. असे चार कोपरे. फॅब्रिकेटर म्हणतो एक तर फोम भरून देतो नाहीतर दोन्ही पॅनल पंचेचाळीस अंशात कापून जुळवतो. तिकडे कबुतरांची जोडी रोज येऊन आत डोकावून जातेय, आणि पश्चिमेची त्रिकोणी बाजू नेमकी पावसाच्या तोंडावर आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

कळवेकर:
फोम अजिबात नको. उन्हात पिवळा पडून भुगा होतो, उंदीर कुरतडतात, कबुतरं चोचीने काढतात. फटीसाठी ठीक आहे, एवढ्या भोकासाठी नाही.

लेव्हलट्यूब:
खाडीवारा, आधी पंचेचाळीसचं सांगतो कारण त्यात पॅनल फुकट जाणार. असा तिरका मायटर कट फोटोफ्रेमला चालतो कारण दोन्ही पट्ट्या एकाच पातळीत असतात. तुमच्याकडे एक पॅनल सपाट आणि दुसरं चढतं, ते दोन्ही एकत्र येतात फक्त फेशियाच्या खालच्या कडेला, तिथून भिंतीकडे जाल तसं अंतर वाढतच जाणार, कसंही कापा. छपराला फुटाला पाच इंच चढ असेल तर दोन फुटांत भिंतीपाशी दहा इंच. म्हणजे २४ इंच पाया आणि १० इंच उंचीचा त्रिकोण, तो सुताराने किंवा फॅब्रिकेटरने बिघडवलेला नाही, डिझाइनमधेच आहे.

आता दोन रस्ते. पहिला, लांब बाजूचं आडवं पॅनल काढून तेही उताराबरोबर तिरकं मारायचं. एकाच पाख्याची वळचण आणि तिची त्रिकोणाकडची बाजू तशाही एकाच पातळीत असतात, त्यामुळे त्रिकोणच राहत नाही, साधा सरळ जोड येतो. मला विचाराल तर हाच, आणि कामाच्या सुरुवातीलाच हे ठरायला हवं होतं. फक्त भिंत त्या तिरक्या पॅनलपर्यंत वर गेलेली हवी.

दुसरा, आडवं ठेवायचंच असेल तर त्रिकोण हा वेगळा पीस म्हणून करायचा. त्रिकोणी भिंतीच्या बाहेरच्या रेषेत एक इंची ट्यूबची छोटी फ्रेम वेल्ड करा, वेल्डवर लगेच प्रायमर, आणि तिच्यावर त्याच कलरचा पत्रा तिन्ही कडा अर्धा इंच वाकवून. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे बेंडिंगवाला मिळेल बहुतेक, नाहीतर सिमेंट फायबर बोर्ड. पुठ्ठ्याचं टेम्प्लेट प्रत्येक कोपऱ्याचं वेगळं काढा, चारही सारखे कधीच निघत नाहीत, आणि डावा उजवा लिहून ठेवा नाहीतर बेंड उलटा येतो. निमुळतं टोक फेशियाच्या मागे इंचभर आत जाऊ दे, टोकदार कापून तिथेच संपवलं तर ते वाऱ्यात फडफडतं. खालची कड आडव्या पॅनलच्या खाली जेमतेम अर्धा इंच लोंबती ठेवा, पाणी तिथूनच टपकेल, पॅनलच्या खालून पळत भिंतीवर जाणार नाही.

माऊची_आई:
काम बंद करायच्या आधी आत टॉर्च मारून घरटं आहे का बघा हो. आमच्या सोसायटीत पिल्लं आत असताना बंद केलं आणि मग तो वास, बाई गं. गांधीलमाश्याही असतात, संध्याकाळी बघा.

अर्धवट_इंजिनियर:
मी तर म्हणतो बंदच करू नका, अर्धा इंची जाळी लावा आणि सोडा. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते, हवा खेळायला नको?

लेव्हलट्यूब:
हवा हवीच, पण ती कोपऱ्यातून कशाला. आडव्या पॅनलमधे जाळीची पट्टी द्या, तिथे पाऊस खालून वर येत नाही सहसा. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात पण ऐरोलीत खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नाही, पश्चिमेच्या कोपऱ्यात उघडी जाळी ठेवलीत तर जुलैमधे पॅनलच्या वर तळं होईल. पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांत जाळी ठेवली तर माझी हरकत नाही.

खाडीवारा:
खूप आभार दादा. भिंत वरपर्यंत गेलेली नाही, बीमवर थांबलीये, त्यामुळे दुसराच रस्ता. फॅब्रिकेटरला दाखवलं तर म्हणाला ठीक आहे पण जोडावर सिलिकॉन भरपूर मारू. चालेल ना?

लेव्हलट्यूब:
सिलिकॉन कुठला ते बघा. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारा स्वस्त मिळतो तो पत्र्याच्या झिंकला खातो, आधीच खाडीची खारट हवा. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब घ्या. आणि मारायचा फक्त वरच्या आणि भिंतीकडच्या कडेला, खालची कड मोकळी, आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार नाहीतर? पीव्हीसी पॅनलला तर सिलिकॉनने जखडूच नका. दहा फुटी पॅनल थंड सकाळ ते तापलेली दुपार पाच-सहा मिलिमीटर वाढतं, लोखंड त्याच्या निम्म्यानेही नाही. पॅनलची कड जिच्यात बसते त्या जे (J) पट्टीत टोकाला तेवढी जागा सोडा, स्क्रू अगदी आवळून नको, नाहीतर मे महिन्यात पॅनल पोटातून फुगतं.

कळवेकर:
यात एक ॲड करतो, त्रिकोण आधी, पॅनल नंतर. पॅनल लागल्यावर आत ड्रिल घालायला जागा राहत नाही आणि मग हे लोक सेलो टेपने भागवतात. परांची चारही कोपऱ्यांना नीट बांधून घ्या, शिडीवरून एका हाताने हे काम होत नाही.

खाडीवारा:
पॅनल दोन कोपऱ्यांना लागलंय ऑलरेडी 😑

कळवेकर:
शेवटची दोनच पॅनल सरकवून काढता येतात, जे पट्टी नको काढायला. दोन कोपरे म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, त्याचे वेगळे पैसे मागेल फॅब्रिकेटर, आधीच बोलून घ्या.

लेव्हलट्यूब:
हो, आणि पश्चिमेचे कोपरे झाले की बादलीने नाही, पाइप खालून तिरका धरून जोरात पाणी मारून बघा, तो निघून जायच्या आधी.