गाडी माझी, हप्ते माझे, बॅटरी मात्र ग्रिडची?

सदाशिवपेठी: काल एकानं लिहिलं, संध्याकाळी सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांनी ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, वीज परत दिली तर नवी वीजकेंद्रं लागणारच नाहीत. तिथे उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा. अहो, बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. गाडी जागेवर उभी राहून ग्रिडला वीज ओतते, ती झीज कुठल्या किलोमीटरात धरायची?

वायरमन: इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी म्हणजे जेमतेम १.८ युनिट. माझ्या नेक्सॉनमध्ये ४०.५. बावीस इन्व्हर्टर पार्किंगमध्ये घोरत पडलेत! दहा युनिट दिले तरी तीस उरतात. तुम्ही काय रोज नाशिकला जाता? नेदरलँड्सच्या उट्रेख्त शहरात २०२५ पासून रेनॉ गाड्या रस्त्यावरच्या चार्जरमधून वीज परत देताहेत.

सदाशिवपेठी: त्या भाड्यानं फिरणाऱ्या गाड्या आहेत हो! झिजल्या तर फिरवणाऱ्याचं काय जातं? गेल्या वर्षी रात्री अकराला आईला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा चार्ज उतरलेला असता तर तुमचं ग्रिड आलं असतं का उचलायला?

तिसरा मजला: थोडं अवांतर. ग्रिडला वीज द्यायला आधी चार्जर लागतो ना? आमच्या सोसायटीत अकरा महिने परवानगी नाही. "भिंतीला भोकं पडतील." शेवटी खिडकीतून एक्स्टेंशन सोडली, जोडावर दुधाची पिशवी बांधून.

मानद सचिव: असल्याच पिशवीमुळे आमच्याकडे पावसात प्लग वितळला. रात्री दोनला मी खाली, हातात वाळूची बादली. सभासद वर झोपलेले. नाही म्हणणारा सचिवच वाईट!

तिसरा मजला: रीतसर केबल टाकू दिली असती तर पिशवी बांधली असती का कुणी? वाळूची बादली आहे, अक्कल नाही.

मानद सचिव: तोंड सांभाळून. या एकदा मीटिंगला, चहाच्या वेळेआधी.

छतावरचं सोलर: मूळ मुद्दा राहिला. लाइट गेली की माझं सोलरही बंद पडतं, भर उन्हात! गाडीचंही तेच होणार.

वायरमन: व्हायलाच हवं. खांबावर माणूस चढलेला असताना तुमच्या घरून तारेत वीज गेली तर मरेल तो. मी चढलोय, म्हणून सांगतो. घर ग्रिडपासून तोडणारा स्विच बसवला की घरापुरती वीज वापरता येते. निसाननं आपल्या लीफ या इलेक्ट्रिक गाडीतून घराला वीज द्यायची सोय जपानात २०१२ मध्येच आणली.

सदाशिवपेठी: खांबाचं पटलं. बरं, दुपारी स्वस्तात भरून संध्याकाळी दुप्पट दरानं घेणार असतील तर देईन पाच युनिट. दहा नाही. आणि बटण माझ्या हातात.

वायरमन: केवढे हे उपकार!

तिसरा मजला: सचिवसाहेब, मीटिंग किती वाजता?