मदत हवी आहे : पेद्रो आर्मेंदारिसचे मेक्सिकन सिनेमे

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जेम्स बाँडपटातला (१९६३) इस्तंबूलचा केरीम बे आठवतो का? तो पेद्रो आर्मेंदारिस. कॅन्सरने पोखरलेला असताना त्याने ते काम पूर्ण केलं आणि त्याच वर्षी तो गेला. लोक त्याला तेवढ्यावरच ओळखतात, याची मला फार खंत वाटते.

खरा आर्मेंदारिस दिसतो मेक्सिकन दिग्दर्शक एमिलिओ फर्नांदेसच्या सिनेमांत. अभिनेत्री दोलोरेस देल रिओसोबतचा 'मारिया कांदेलारिया' १९४६ साली कान महोत्सवात गाजला. आणि 'एनामोरादा'तला क्रांतिकारक जनरल तर काय सांगू! गावच्या धनिकांना दरडावणारा हा गडी मारिया फेलिक्सच्या हातची थप्पड खातो, आणि त्याच्या डोळ्यांत रागाऐवजी चक्क कौतुक उमटतं.

आता अडचण अशी, की दिग्दर्शक लुइस बुन्युएलचा 'एल ब्रुतो' (१९५३) मला कुठेच धड सापडत नाहीये. भाडेकरूंना हुसकावण्यासाठी घरमालक कत्तलखान्यातल्या एका दांडगट कामगाराला (हाच आर्मेंदारिस) हाताशी धरतो, ती कथा. स्पॅनिश येत नाही, त्यामुळे सबटायटल्स हवीतच. चांगली प्रिंट कुठे मिळेल? शिवाय जॉन फोर्डच्या 'फोर्ट अपाची'तलं त्याचं काम आधी बघू की नंतर? कुणी पाहिलं असेल तर कृपया सांगा.